उंडेऱ्याचे बेचाळीस दिवस

सुभानपुऱ्यातून गोरव्याकडे निघालं आणि गोरवा मागे टाकून तसंच पुढे गेलं की उंडेरा लागतं. गाव म्हणून वेगळं काढता येऊ नये इतकं ते आता वडोदरा शहरात मिसळून गेलं आहे. सोसायट्या, दुकानं, पलीकडे कोयलीच्या रिफायनरीकडे जाणारी टँकरची रांग. मी सुभानपुऱ्यात राहते, आणि कित्येक वर्षं उंडेरा हे माझ्यासाठी रिक्षाच्या भाड्यावरून घासाघीस करायचं एक ठिकाण होतं. मग प्लेगच्या लसीबद्दल वाचताना जुन्या इंग्रजी कागदांत 'उंधेरा' हे नाव समोर आलं. बडोद्यापासून सहा मैल, गायकवाडांचा मुलूख, फेब्रुवारी १८९८. पुन्हा वाचलं, नकाशा काढून पाहिला, आणि मनात चर्र झालं. जगाच्या लसविज्ञानातला एक अतिशय धीट प्रयोग माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर झाला होता.

त्या प्रयोगाचे आकडे इतिहासात नोंदले गेले. पण टोचलेल्या माणसांच्या शरीरात नेमकं काय घडलं म्हणून ती वाचली, हे कळायला आणखी ऐंशी-नव्वद वर्षं जावी लागली. या दोन गोष्टी एकत्र सांगितलेल्या मला कुठे सापडल्या नाहीत, म्हणून हा लेख.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी काही रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. काखेत किंवा जांघेत गाठ, फणफणून ताप, आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. मराठी वर्तमानपत्रं त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. ऑक्टोबरात सरकारनं कलकत्त्याहून वाल्देमार हाफकिनला मुंबईत आणलं. हा ओडेसाचा ज्यू तरुण पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला होता आणि १८९३ पासून हिंदुस्थानात कॉलऱ्याची लस टोचत फिरत होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. तिथे तीन महिन्यांत त्यानं प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मात्रा दहा घनसेंटीमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट. ताप चढला, टोचलेल्या जागी ठणका लागला, आणि तो कामाला लागला.

महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वतःहून पुढे आले त्यांना हाफकिननं लस टोचली. न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांनाच झाला आणि कुणीही मेलं नाही. शंकेखोर म्हणाले, कैदी निवडून घेतले असतील. हाफकिनला ती शंका बोचली असावी, कारण पुढचं त्याचं सगळं काम एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतं: दोन्ही बाजूंची माणसं खरोखर सारखी कशी मिळवायची?

त्याच काळात पुण्यात काय चाललं होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. गोऱ्या सोजिरांनी घरं तपासली, देवघरात बूट घातले, बायकांना रस्त्यावर उभं केलं. २२ जूनला प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सरकारच्या हातातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवायची लोकांची तयारी नव्हती, आणि सरकारच्या माणसानं आणलेली सुई तर दूरच. अशा वातावरणात एक आख्खं गाव सुईसमोर उभं राहिलं.

लस तयार कशी होत असे, ते सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीचा एक धागा त्यात आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. युरोपात तो गाईच्या मांसाचा असे आणि मांस पचवायला डुकराच्या जठरातला पेप्सिन वापरत. इथे दोन्ही अशक्य. हाफकिननं बकऱ्याचं मांस घेतलं आणि पेप्सिनऐवजी हायड्रोक्लोरिक आम्लात ते जिरवलं. म्हणजे पोटाचं काम बरणीत करून घेतलं: मोठ्या प्रथिनांचे जंतूंना खाता येतील असे बारीक तुकडे. त्या रसावर तुपाचे थेंब सोडायचे. थेंब तरंगत राहतात, जंतू त्यांना खालून लोंबकळत वाढत जातात. हाफकिननं त्यांना चुनखडीच्या गुहांतल्या लोंबत्या सुळक्यांची उपमा दिली. आपण वडाच्या पारंब्या म्हणू, बडोद्याचं नावही वडावरूनच पडलेलं आहे. मधूनमधून बरणी हलवायची की पारंब्या तळाला गळून पडतात आणि तुपाखाली नव्या फुटतात. असं सुमारे सहा आठवडे. मग बरणी साधारण सत्तर अंशांवर तासभर तापवायची, जंतू मारायचे, थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं. झाली लस.

हाफकिनच्या मते या पाण्यात दोन कामाच्या गोष्टी होत्या. मेलेल्या जंतूंची शरीरं आणि त्यांनी रसात सोडलेलं विष. शरीरांमुळे रोग होणं टळेल आणि विषाची सवय झाल्यामुळे झालाच तर माणूस वाचेल, असा त्याचा हिशोब. तर्क सुबक होता. शरीराच्या आत गोष्टी तशा घडत नव्हत्या.

१८९८ च्या फेब्रुवारीपर्यंत उंडेऱ्यात प्लेगनं ७९ माणसं नेली होती. मागे राहिली ९५०. १२ फेब्रुवारीला हाफकिन आला. सर्जन-मेजर बॅनरमन हा त्याचा सहकारी या कामात त्याच्या बरोबरीनं होता. सगळ्या गावाला एकेका कुटुंबाच्या गटानं उभं करण्यात आलं, आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग पाडले गेले: वय, बाई-पुरुष, अंगात ताकद किती, हे पाहून शक्य तितके सारखे. एका भागाला टोचलं, दुसऱ्याला नाही. एकूण ५१३ जणांनी लस घेतली, ४३७ तसेच राहिले.

इथे मला थांबावंसं वाटतं. तुरुंगात टोचलेला कैदी आणि न टोचलेला कैदी अनोळखी असू शकतात. उंडेऱ्यात ते एकाच चुलीवरचा रोटला खाणारे होते. रात्री त्याच जमिनीवर अंग टाकणारे, त्याच घरातले उंदीर त्यांच्या उशापायथ्याशी फिरणारे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरला ते कराचीत कळलं ते त्याच वर्षी जूनमध्ये, म्हणजे उंडेऱ्यानंतर चार महिन्यांनी. हाफकिनला पिसवा माहीत नव्हत्या, तरी त्यानं असा डाव मांडला की जे काही कारण असेल ते दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडावं. प्रयोग म्हणून हे इतकं चोख आहे की आजचा संशोधकही मान डोलावेल. माणूस म्हणून मात्र मला त्या ओळीतल्या प्रत्येक आईचा विचार येतो, जिच्या दोन मुलांपैकी एक इकडे आणि एक तिकडे उभं केलं गेलं. लस चालते हे हाफकिनला मनोमन पटलेलं होतं. तरीही निम्म्यांना ती दिली गेली नाही, कारण बाकीच्या जगाला पटवायचं होतं. उंडेऱ्यानं जगाला जे दिलं ते स्वस्तात दिलेलं नाही, हे मला उघडपणे म्हणायचं आहे.

पुढचे बेचाळीस दिवस प्लेग गावात होता. मग घरोघर जाऊन चौकशी झाली. २८ कुटुंबांत रोग शिरला होता. या कुटुंबांत टोचलेली माणसं होती ७१ आणि न टोचलेली ६४. न टोचलेल्या ६४ पैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ जणांना झाला आणि ३ मेले.

सव्वीस आणि तीन. एकाच छपराखाली.

पुढच्या वर्षी हाफकिननं लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर हे आकडे मांडले. सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननं लसीच्या मात्रेत एकसारखेपणा नाही म्हणून कान उपटले, पण लसीमुळे रोग आणि मृत्यू दोन्ही घटतात हे मान्य केलं. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा गेली, आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. मुंबईत केईएम रुग्णालयात जाणारे-येणारे कितीतरी जण त्या फाटकावरून जातात.

आता त्या ५१३ दंडांच्या आत जाऊ. त्यासाठी आधी सिसिलीला जावं लागेल.

१८८२ च्या डिसेंबरात मेसिना गावात एल्या मेचनिकॉव नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ घरात एकटा होता. घरची बाकीची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तो तारामाशाची काचेसारखी पारदर्शक अळी पाहत होता, तिच्या अंगातल्या हिंडत्या पेशी पाहत होता, आणि त्याच्या मनात आलं की या पेशी बाहेरून घुसलेल्या वस्तूवर चाल करून जात असतील. अंगणातल्या गुलाबाचे काटे तोडून त्यानं अळ्यांत खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा. पुढे त्यानं जंतू गिळणाऱ्या पेशी दाखवल्या, गिळल्यावर त्यांच्या पोटातली पोकळी आम्ल होते हे लिटमसनं दाखवलं, आणि सांगितलं की रोगापासून बचाव म्हणजे मुळात पचन आहे. जंतू गिळणाऱ्या त्या पेशींना आपण भक्षकपेशी म्हणतो.

हा मेचनिकॉव म्हणजे ओडेसाच्या विद्यापीठातला हाफकिनचा गुरू. तो १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्थेत गेला, आणि त्याच्या मागोमाग हाफकिनही गेला. दुसरं काम नव्हतं म्हणून सुरुवातीला ग्रंथपाल झाला. म्हणजे पेशी पचवतात हे ज्यानं पाहिलं तो गुरू, आणि मेलेले जंतू दंडात सोडले की शरीर ते लक्षात ठेवतं हे ज्यानं एका गावाच्या आकड्यांनी सिद्ध केलं तो शिष्य. पचन आणि स्मृती ही एकाच कामाची दोन टोकं आहेत, हे दोघांपैकी कुणालाच दिसलं नाही. दिसणार तरी कसं? बर्लिनचे लोक रक्तातल्या प्रतिविषाचा, पुढे ज्यांना प्रतिपिंडं म्हणू लागले त्यांचा, डंका पिटत होते. पॅरिसचा मेचनिकॉव पेशींचा. दोन्ही पक्ष इतके भांडले की १९०८ चं नोबेल शेवटी त्याला आणि जर्मन पॉल एर्लिखला वाटून द्यावं लागलं. भांडण मिटलं, पण गिळणाऱ्या पेशी सफाई करतात आणि आठवण दुसरंच कुणी ठेवतं, ही समजूत तशीच राहिली.

पेशीच्या पचनाची हत्यारं मधल्या काळात हळूहळू हाती आली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती कापणाऱ्या विकरांना प्रोटिएज म्हणतात, आणि पेशींतल्या अशा काही विकरांना जर्मन रसायनज्ञांनी १९२९ मध्ये कॅथेप्सिन हे नाव दिलं. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ पचवणं. १९५५ मध्ये बेल्जियमच्या क्रिस्तियान द दुवला पेशीतली ती पिशवी सापडली जिच्यात ही विकरं आम्लात बुडवून कोंडलेली असतात. लायसोसोम. विळ्या भरून ठेवलेली कोठी म्हणा.

१९५९ मध्ये आणखी एक धागा हाती आला आणि बराच काळ तसाच पडून राहिला. फिलिप गेल आणि बारूज बेनासेराफ या दोघांनी गिनिपिगना मूळ घडीतलं प्रथिन आणि उष्णतेनं वगैरे घडी मोडलेलं तेच प्रथिन टोचून पाहिलं. रक्तातल्या प्रतिपिंडांना या दोहोंतला फरक चटकन कळे. पण एक-दोन दिवसांनी कातडीवर जी टणक लाल सूज उठते, जिचं काम टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींकडे असतं, तिला फरक कळेना. टी-पेशींना प्रथिनाच्या घडीशी देणंघेणं नाही, त्या माळेतला एखादा लहान तुकडा वाचतात, असा त्याचा अर्थ होता. सत्तर अंशांवर तासभर उकडलेले जंतू उंडेऱ्यात का उपयोगी पडले, याचं निम्मं उत्तर इथे होतं. उकडून घडी मोडली तरी माळ शिल्लक राहते.

मग तुकडे करतं कोण? इथे गोष्ट बोस्टनला जाते. हार्वर्डमध्ये एमिल उनानुए हा क्यूबाहून आलेला डॉक्टर आणि त्याचा सहकारी कर्क झिग्लर भक्षकपेशींना लिस्टेरिया नावाचे जंतू खाऊ घालत होते. गिळल्या गिळल्या त्या पेशी टी-पेशींसमोर ठेवल्या तर टी-पेशी ढुंकून पाहत नसत. तासाभरानं मात्र येऊन चिकटत. या तासाभरात आत काय चाललं होतं? १९८२ मध्ये त्यांनी त्या पेशींना अमोनियम क्लोराइड आणि क्लोरोक्विन दिलं. क्लोरोक्विन म्हणजे हिवतापावर आपल्याकडे घराघरांत घेतलेली ती कडूजहर गोळी. दोन्ही लायसोसोममधलं आम्ल मारतात, आणि आम्ल मेलं की विळ्यांची धार जाते. पेशी जंतू गिळत राहिल्या, पण टी-पेशी आता चिकटेनात. कापल्याशिवाय ओळख नाही.

मला या शोधाचं मोल त्याच्या उलटेपणात वाटतं. तोवर सगळे मानत होते की भक्षकपेशी प्रतिजन, म्हणजे बाहेरून आलेला ओळखायचा माल, नष्ट करते आणि ओळखीपुरतं कुठेतरी थोडं अखंड राहत असेल. उनानुएनं दाखवलं की नष्ट करण्याच्या वाटेवरच ओळख तयार होते.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्याच दुसऱ्या प्रयोगशाळेनं याच गोष्टीची दुसरी बाजू पाहिली. पेशी रसायनानं मारून, ताठ करून ठेवल्या. अशी पेशी काही कापू शकत नाही. तिला अंड्याच्या पांढऱ्यातलं अख्खं प्रथिन दिलं तर टी-पेशी गप्प. पण तेच प्रथिन आधी ट्रिप्सिननं, म्हणजे आपल्या आतड्यातल्या विकरानं, कापून दिलं तर मेलेली पेशीसुद्धा ते दाखवू शकली. कापणी बाहेर झाली काय आणि आत झाली काय, तुकडा मिळाला की पुरे. १९८५ मध्ये उनानुएच्या गटानं हा तुकडा एमएचसी नावाच्या रेणूला चिकटतो हे दाखवलं. मूत्रपिंड बदलण्याआधी ज्यांची जुळणी पाहतात ते एचएलए म्हणजे माणसाचे हेच रेणू. १९८७ मध्ये पामेला ब्योर्कमननं त्यातल्या एकाची रचना उलगडली आणि सगळ्यांना खाच दिसली: दोन्ही बाजूंना पिळाच्या भिंती, खाली तळ, आणि मधोमध आडवं पडलेलं काहीतरी. खाच रिकामी नव्हती. कापलेला तुकडा तिथेच बसलेला होता.

आता उंडेऱ्यातल्या एका दंडात पाहू. कातडीखाली मेलेले जंतू पडले आहेत. आसपासच्या पेशी ते गिळतात. त्यांतल्या काहींना फांद्या फुटलेल्या असतात, त्या डेंड्रायटिक पेशी; राल्फ स्टाइनमननं त्या १९७३ मध्ये ओळखल्या. २०११ चं नोबेल त्याला जाहीर झालं तेव्हा त्याला जाऊन तीन दिवस झाले होते. पेशीच्या आत पोकळी आम्ल होत जाते, जंतूंची प्रथिनं उलगडतात, कॅथेप्सिनं त्यांवर चालतात. दुसरीकडे पेशी एमएचसीची नवी खाच घडवत असते. ती आधीच भलत्या तुकड्यानं भरू नये म्हणून तिच्यावर एक राखणदार साखळी बसवलेली असते. ती साखळीही कॅथेप्सिनंच कुरतडून काढतात, शेवटचा घाव बहुतांशी कॅथेप्सिन एस या विकराचा. म्हणजे विळी दोन कामं करते: वाढायचं ते चिरते आणि ताटावरचं झाकणही काढते. मग पंधराएक अमिनो आम्लांचा तुकडा खाचेत बसतो, वर येतो, आणि पेशी तो घेऊन काखेतल्या लसिकाग्रंथीकडे निघते.

काखेतली गाठ. प्लेगची भीती ज्या जागेची, तीच ही जागा. खरे जंतू पायातून शिरले तर जांघेतल्या ग्रंथीत पोचतात, हातातून शिरले तर काखेतल्या, आणि तिथे त्यांचा गुणाकार होऊन ती सुजते, पिकते. लसीतले मेलेले जंतू तुकडे होऊन त्याच ग्रंथीत पोचतात आणि तिथे टी-पेशींची शाळा भरते. ज्या थोड्या टी-पेशींना तो तुकडा वाचता येतो त्या वाढतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना हाताशी धरतात, आणि ती बनू लागतात. पुढे पिसू चावली की प्लेगच्या जंतूला आधीच सज्ज असलेलं रक्त भेटतं. अंगाच्या उष्णतेत जंतू स्वतःभोवती एक प्रथिनाची झूल पांघरतो म्हणजे भक्षकपेशींना तो गिळता येऊ नये. प्रतिपिंडं त्या झुलीलाच चिकटतात आणि त्याला गिळण्याजोगा करतात. मेचनिकॉवच्या पेशी आणि बर्लिनवाल्यांची प्रतिपिंडं उंडेऱ्यातल्या त्या दंडात एकाच कामाला जुंपलेली होती, आणि पॅरिस-बर्लिनमध्ये भांडण चालू होतं.

कापणी जास्त झाली तरी घात होतो, हे तर फारच उशिरा कळलं. २००५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की भक्षकपेशी आणि डेंड्रायटिक पेशी यांत मोठा फरक आहे. पहिलीकडे विकरं भरपूर. ती प्रतिजनाचा पार लगदा करते, खाचेत बसवायला काही उरतच नाही. दुसरीकडे विकरं कमी. ती सावकाश कापते, तुकडे राखते आणि ते दिवसेंदिवस बाळगू शकते. तिची विळी मुद्दाम बोथट ठेवलेली आहे.

पेशीच्या आतच तयार होणाऱ्या प्रथिनांची, म्हणजे विषाणूंनी घुसून बनवून घेतलेल्या मालाची, कापणी वेगळ्या कारखान्यात होते. त्याला प्रोटिॲसोम म्हणतात. तिथून निघालेले तुकडे बहुधा थोडे लांब असतात, आणि खाचेत बसण्यासाठी त्यांचं एक टोक छाटावं लागतं. ते छाटणारं विकर २००२ मध्ये बर्कलीच्या नीलभ शास्त्री यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. शास्त्री दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले, २०२१ मध्ये ते गेले. आणि प्रथिनांची माळ मुळात ओवणारं यंत्र, रायबोसोम, ज्यांनी उलगडलं त्या वेंकटरामन रामकृष्णन यांनी भौतिकशास्त्राची पदवी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातून घेतली. वडील तिथेच जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ओवण्याचं आणि कापण्याचं शास्त्र दोन्हीकडून आपल्या अंगणापर्यंत येतं, म्हणून हे सांगितलं.

हाफकिनकडे परत येऊ. उंडेऱ्यानंतर चार वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९०२ रोजी, पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. एकाच बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि सगळे मेले. बाटली उघडताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे चौकशीत पुढे आलं. तरी ठपका हाफकिनवर आला. निलंबित झाला, इंग्लंडला परतला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससह दहा जणांनी लंडनच्या टाइम्समध्ये त्याच्या बाजूनं जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे तो निर्दोष ठरला. पुन्हा हिंदुस्थानात आला, पण पूर्वीचं स्थान परत मिळालं नाही. १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात तो वारला. एका चिमट्यानं एकोणीस माणसं नेली आणि त्यांच्याबरोबर एका माणसाची उमेद नेली. आजही ते वाचताना जीव हळहळतो.

धनुर्वाताचं विषही प्रथिनच. त्याचा एक मोठा तुकडा विसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये कॉलिन वॉट्सच्या प्रयोगशाळेत बी-पेशींना खाऊ घातला जात होता: इतक्या विळ्यांतली पहिली कुठली चालते, एवढंच शोधायचं होतं. सगळ्यांना वाटत होतं, कॅथेप्सिन. १९९८ मध्ये उत्तर आलं ते अनपेक्षित होतं. पहिला घाव लेग्युमेन नावाचं विकर घालतं. ॲस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल जिथे येईल त्याच्या लगेच पुढे ते माळ तोडतं. त्या जागचं ॲस्पॅराजिन बदलून टाकलं तर टी-पेशींपर्यंत तुकडा पोचायला उशीर होतो. आणि हे विकर आधी ओळखलं गेलं होतं ते कडधान्यांत, म्हणूनच त्याचं नाव शेंगवर्गीय झाडांवरून पडलं. मूग भिजवून फडक्यात बांधले की दाण्यात साठवलेलं प्रथिन कोंबासाठी मोकळं करणारी विकरं कामाला लागतात. त्यांच्यातलंच हे एक, आपल्या पेशींत बसून जंतूंचं विष चिरतं.

मागे एका बुधवारी मी उंडेऱ्याला गेले होते. गुजरातेत बुधवार म्हणजे ममता दिवस, अंगणवाडीत लसीकरण असतं. दारात चपलांचा ढीग, आत बायका मांडीवर पोरं घेऊन रांगेत बसलेल्या. एका बाळाची पेंटाव्हॅलंटची पहिली सुई होती. ती सहा आठवडे पूर्ण झाले की देतात. नर्सबेननं कार्डावर तारीख घातली, आईनं पाय धरला, सुई मांडीत गेली आणि बाळ लाल होईस्तोवर रडलं. त्या थेंबभर पाण्यात पाच रोगांचा माल असतो, आणि त्यात एक धनुर्वाताचं मारलेलं विष. आईनं त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं. बाहेर ओट्यावर येईपर्यंत ते झोपलंसुद्धा होतं, आणि मांडीत कातडीखाली पहिली कापणी सुरू झालेली होती.